आडवा धरलेला मोबाइल

सोनपेठपासून आठ किलोमीटरवरच्या त्या वाडीत माझी बदली झाली, तेव्हा शाळेत दोन शिक्षक, एक्केचाळीस मुलं आणि भिंतीवर एक बंद टीव्ही होता. टीव्ही नवाच होता. गावानं वर्गणी करून घेतलेला. धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर खताच्या पोत्याचं कापड अडकवून ठेवलं होतं. माझ्या आधीच्या गुरुजींनी मोबाइल टीव्हीला जोडायचा महिनाभर प्रयत्न केला आणि नाद सोडला. मी रुजू झालो त्या दिवशी चार जणांनी मला सांगितलं, "सर, तो टीव्ही मोबाइलला जुळत न्हाई."

गावात इंटरनेटची वायर नाही. धडे, चित्रं, गाणी, जे काही आहे ते माझ्या मोबाइलमध्ये. ते मोबाइलमधून थेट टीव्हीवर गेलं तरच मुलांना दिसणार. मी रोज मधल्या सुट्टीत प्रयत्न करायचो. मोबाइलमध्ये टीव्हीचं नाव यायचं, मी त्यावर बोट ठेवायचो, 'जोडत आहे' असं येऊन चाक फिरत राहायचं आणि शेवटी 'जोडता आले नाही' एवढंच यायचं.

चौथ्या दिवशी दैवशालाताई दारात उभ्या होत्या. शाळेत मुलांची खिचडी त्या शिजवायच्या. हातात धुतलेल्या ताटल्यांची चळत होती. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "सर, तुमी मोबाइलकडं बघायलाव. तिकडं टीव्ही कायतरी विचारायलाय."

मी मान वर करेपर्यंत पडदा पुन्हा निळा झाला होता. "परत करा," त्या म्हणाल्या. मी परत केलं. या वेळी दिसलं. टीव्हीच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आली होती: हा मोबाइल जोडू द्यायचा का? ती चौकट चार-पाच सेकंदच थांबायची. नेमकं तेवढा वेळ माझे डोळे हातातल्या चाकावर असायचे. ताईंनी ताटल्या खाली ठेवल्या, रिमोट घेतला आणि मधलं बटन दाबलं. माझा मोबाइल भिंतीवर उमटला. घरून आलेला एक निरोप तिथं मोठ्या अक्षरात झळकला, 'येताना मेथी आणा'. पोरं लय हसली.

ताईंचं वय तेव्हा अडतीस. शिक्षण सहावी, तेही तुकड्यातुकड्यांनी. दिवाळी झाली की आई-बाप ऊसतोडीला निघायचे आणि त्यांना बरोबर न्यायचे. लग्नानंतर नवऱ्याबरोबर त्यांनी स्वतः अकरा हंगाम ऊस तोडला. मुलगी राजनंदिनी त्या काळात आजीजवळ वाढली. शाळेतलं काम मिळालं तेव्हा त्यांनी कोयता खाली ठेवला. नवरा, वैजीनाथ, अजून हंगामात जातो, पण आता ट्रॅक्टर चालवतो. राजनंदिनी परभणीला नर्सिंग शिकते आणि तिनंच घेऊन दिलेला मोबाइल ताई पोलक्याच्या खिशात ठेवायच्या.

त्या दिवसानंतर टीव्ही चालू करणं हे ताईंचं काम झालं. कुणी ठरवलं नव्हतं. भात चुलीवर ठेवला की त्या वर्गात यायच्या. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण कुठल्या खुणेच्या खाली कुठली खूण आहे, हे त्यांच्या डोळ्यांत पक्कं बसायचं. एकदा माझा मोबाइल टीव्हीला अजिबात जुळेना. कोपऱ्यातली चौकटसुद्धा येईना. ताईंनी रिमोटवरून टीव्हीच्या आतली एकेक पाटी उघडली. एका यादीत गावातल्या सात-आठ मोबाइलांची नावं होती आणि माझ्या नावापुढं लाल खूण होती. "कुण्या तरी पोरानं चुकून न्हाई म्हणून दाबलंय," त्या म्हणाल्या. "टीव्हीनं ते ध्यानात ठिवलंय. त्याच्या मनातून काढावं लागंल." त्यांनी माझं नाव पुसलं. मग मी नव्यानं विचारलं, त्यांनी नव्यानं हो म्हटलं.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. घरोघरी हप्त्यावर घेतलेले टीव्ही आलेच होते. लोक बोलवायला लागले. ताई गेल्या की आधी कशालाच हात लावायच्या नाहीत. "काल चालू होतं का?" असं विचारायच्या. हो म्हटलं की, "मंग काल आन आज काय बदललं?" माणूस म्हणायचा, काहीच नाही. ताई गप्प बसून राहायच्या. मग हळूहळू निघायचं. पुतण्याला नेट द्यायला हॉटस्पॉट चालू केला होता तो तसाच राहिलाय. बॅटरी कमी झाली म्हणून बचतीचं बटन दाबलं होतं. बहुतेक वेळा दुखणं तिथंच असायचं. ग्रामपंचायतीतला लॅपटॉप टीव्हीला दिसत नाही म्हणून दोन दिवस ग्रामसभेचं काम अडलं होतं. ताईंनी लॅपटॉपच्या कळा निरखून पाहिल्या. एकीवर विमानाचं चित्र होतं आणि शेजारी बारीक दिवा लागलेला. "हे इमान कशाला उडवलं?" त्या म्हणाल्या. ती कळ पुन्हा दाबली आणि वायफाय आलं. ग्रामसेवक नंतर बरेच दिवस त्यांना बघून ओशाळायचे.

एकदा मी विचारलं, "ताई, तुम्हाला हे कसं सुचतं?" त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "उसाच्या फडावर असताना राजनंदिनीचा आवाज सहा-सहा म्हैने धड कानावर पडायचा न्हाई. टोळीच्या मुकादमाच्या फोनवरून म्हैन्याकाठी एकदाच. त्याची बॅटरी कवा उतरंल, रेंज कवा जाईल, हेच बघत बसायचे मी. पोरगी काय म्हणायलीय ते राहायचं बाजूला. तवापासून मला हे तुटलेलं बघवत न्हाई." एवढं बोलून त्यांनी सूप झाडलं.

मी तिथं असताना तिसऱ्या हिवाळ्यात राजेश्रीचा मामला आला.

राजेश्री एकोणीस वर्षांची, जन्मापासून ऐकू न येणारी. परभणीच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत दोन वर्षं होती, पण करमेना म्हणून परत आली. घरी ब्लाउज शिवायची, फॉल-बिडिंग करायची. हात इतका साफ की सोनपेठच्या बायका कापड पाठवायच्या. तिची बोली होती हातांची आणि ती बोली दोनच माणसांना येत होती, तिला आणि तिची आई सुलाबाईला. दोघींनी ती लहानपणापासून मिळून घडवली होती. बापाला, बन्सीधरला, त्यातलं जेवण, पाणी, ये, जा एवढंच कळायचं. आई-बाप ऊसतोडीला गेले की राजेश्री आणि तिचे आजोबा तात्याराव, दोघंच घरात. तात्यारावांना दिसत नव्हतं आणि राजेश्रीला ऐकू येत नव्हतं. कार्तिकापासून चैत्रापर्यंत त्या पोरीला बोलायला माणूस नसायचं.

व्हिडिओ कॉल होता. पण राजेश्रीचा मोबाइल लहान, काच तडकलेली. सुलाबाई तिकडं कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, मोबाइल डब्याला टेकवून लांब बसायची. जवळ बसली तर हात चौकटीत मावायचे नाहीत, लांब बसली तर बोटं दिसायची नाहीत. दोन मिनिटांत दोघी दमायच्या आणि कॉल बंद व्हायचा. त्या हंगामात तर सुलाबाई आजचं उद्यावर ढकलायला लागली होती.

राजेश्री एक दिवस शाळेत आली. तिनं ताईंना स्वतःचा मोबाइल दाखवला, मग भिंतीवरच्या टीव्हीकडं बोट केलं. ताईंना लगेच समजलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "संध्याकाळी शाळा उघडी ठेवू. मी थांबतो."

वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे. राजेश्रीच्या मोबाइलमध्ये टीव्हीला जोडायची सोयच नव्हती. ताईंनी सगळ्या पाट्या उघडून पाहिल्या. मग त्या म्हणाल्या, "ह्याच्यात ते न्हाईच. नसलेलं कुठून आणावं?" त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला. त्यात सोय होती, पण त्यांच्या सिमला वर्गात रेंज नव्हती. राजेश्रीच्या सिमला होती. तेव्हा राजेश्रीच्या मोबाइलनं ताईंच्या मोबाइलला नेट द्यायचं आणि ताईंच्या मोबाइलनं चित्र टीव्हीला द्यायचं, असं ठरलं. जुळलं. दोन मिनिटांनी तुटलं. पुन्हा जुळलं, पुन्हा तुटलं. तसं दोन संध्याकाळी चाललं.

तिसऱ्या दिवशी त्या दुपारीच म्हणाल्या, "सर, राजेश्रीच्या हॉटस्पॉटमदी दोन आकडे हाईत. एक दोनचा, एक पाचचा. पाचवर खूण हाय. आपला टीव्ही दोनवालाच असंल तर? माझ्या मोबाइलला एकीकडं पाचवर बोलावं लागायलंय आन दुसरीकडं दोनवर. त्याची तारांबळ उडत असंल." मी टीव्हीच्या पुस्तकात पाहिलं. खरंच टीव्हीला वायफायचा फक्त दोनचा, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालत होता. संध्याकाळी त्यांनी हॉटस्पॉट दोनवर केला आणि जोडणी टिकली.

मग आवाजाची भानगड निघाली. चित्र टीव्हीवर येत होतं, आवाज येत नव्हता. ताई वीस मिनिटं त्याच्याशी झटत होत्या. सुलाबाई पलीकडं वाट बघत बसली होती. शेवटी राजेश्रीनं ताईंचं मनगट धरलं, स्वतःच्या कानाला हात लावला आणि हसली. ताई खाली बसल्या. "मी पण येडीच," त्या म्हणाल्या.

टीव्हीखाली स्टुलावर ताईंचा मोबाइल आडवा टेकवून ठेवला होता, म्हणजे राजेश्री टीव्हीकडं बघून हात करील आणि आईला ती समोरून दिसेल. पण चित्र टीव्हीच्या मधोमध एका उभ्या पट्टीत येत होतं. दोन्ही बाजूंना नुसता काळोख. ताई मोबाइलजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "सुलाबाई, तुमचा मोबाइल आडवा धरा. चित्र मोठं व्हतंय."

"राहू दे की," मोबाइलमधून तिचा आवाज आला. "दिसायलंय मला."

"तुमाला दिसायलंय, पण पोरीला न्हाई. आडवा ठिवा."

"कामून बाई उगं? असंच बरंय."

"एकदा ठिवून तर बगा. तीन दिस झाले आमी ह्याच्यामागं हाव."

मग चित्र हललं, पत्र्याचा डबा दिसला, पाचटाचं छप्पर दिसलं आणि सुलाबाई पूर्ण टीव्हीभर आली. तिच्या एकेका बांगडीची कड दिसत होती. डाव्या हाताला, पदराखाली, एक मळकं फडकं गुंडाळलेलं होतं.

राजेश्री उठून टीव्हीपाशी गेली. तिनं पडद्यावर त्या हातावर बोट ठेवलं. सुलाबाईनं हात मागं घेतला. राजेश्रीनं खूण केली, आम्हालाही समजली, फडकं सोड. सुलाबाई उजव्या हातानं काहीतरी सांगत राहिली, पोरीनं तीच खूण पुन्हा केली. चौथ्यांदा केली तेव्हा आईनं फडकं सोडलं. तर्जनी सुजून काळी पडली होती. सूज तळहातापर्यंत उतरली होती. मी मान फिरवली. राजेश्रीनं एक खूण केली, दोन बोटं ओठांवरून बाजूला फटकन ओढली. ती आम्हाला कळली नाही. सुलाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि चित्र गेलं.

त्या वेळी काहीही बिघडलं नव्हतं. तिनंच बंद केलं होतं.

ताईंनी स्टुलावरचा मोबाइल उचलला. मग बाहेर रेंजमध्ये गेल्या आणि त्यांनी वैजीनाथला फोन लावला. त्याची टोळी वेगळी होती, पण कारखाना एकच. मी व्हरांड्यात होतो, मला एका बाजूचं ऐकू येत होतं.

"कोयता लागलाय, लय दिस झाले असतील. ... मुकादम काय म्हणंल ते मला म्हाईत न्हाई. ... तुमी दुसऱ्या टोळीचे हाव हे बी मला म्हाईत हाय. ... सकाळी खेप टाकायच्या आधी तिला दवाखान्यात न्या. बन्सीधरभावजींना म्हणा, दैवशालानं सांगितलंय. ... व्हय, मी बगितलंय. डोळ्यांनी बगितलंय."

सकाळी वैजीनाथ कुणाची तरी मोटरसायकल घेऊन गेला आणि सुलाबाईला तालुक्याच्या दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन दिवस गेले असते तर मनगटापर्यंत हात काढावा लागला असता. तर्जनी मुळापासून काढावी लागली. उसाच्या बुडख्यावर घाव घालताना कोयता निसटला होता, त्याला बारा दिवस झाले होते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीतलं एक माणूस बसलं की दुसऱ्यालाही बसावं लागतं, म्हणून तिनं हळद बांधून तसंच काम चालवलं होतं. बन्सीधरला ती साधी चीर पडलीय म्हणून सांगत होती.

मी दुसऱ्या दिवशी ताईंना म्हणालो, "हात वाचला तुमच्यामुळं." त्या खिचडीत मीठ टाकत होत्या. म्हणाल्या, "सर, ती नको म्हणायली व्हती. दोनदा म्हणाली. मला वाटलं, तिला आडवं धरणं जमंना. माझं ध्यान नुसतं चित्रावर व्हतं." मी म्हणालो, पण चांगलंच झालं ना. त्यांनी खिचडीत पुन्हा मीठ टाकलं. त्या दिवशी पहिल्यांदाच पोरांनी खिचडी खारट झाल्याची तक्रार केली.

सुलाबाई संक्रांतीच्या आधी एसटीनं परत आली. बन्सीधर पुतण्याला जोडीला घेऊन हंगाम पुरा करायला तिकडंच राहिला. गावातल्या बायका तिला भेटून आल्या. ताईही गेल्या, तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. तात्याराव म्हणाले, निजलीय. ताईंना आतून भांड्यांचा आवाज येत होता. त्या परत आल्या.

महिनाभर असंच गेलं. वाटेत गाठ पडली तर सुलाबाई बांधाकडं बघत निघून जायची. ताईंनी ते मनाला लावून घेतलं. त्या काळात कुणी टीव्ही जोडायला बोलावलं की त्या म्हणायच्या, सरांना विचारा. वर्गात मी जोडायचो, आणि कोपऱ्यातली चौकट दोन-तीनदा माझ्याकडून सुटायची. त्या दारात उभ्या राहून बघायच्या, पण आत यायच्या नाहीत.

एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, सुलाबाई आपणहून शाळेत आली. ताई स्वयंपाकखोलीच्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. मी आत हजेरीपट भरत होतो. सुलाबाई त्यांच्याशेजारी बसली, सुपातले मूठभर तांदूळ आपल्या पुढ्यात ओढले आणि निवडायला लागली. डाव्या हातानं तिला नीट जमत नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तू मोबाइल आडवा धरायला लावला."

"व्हय," ताई म्हणाल्या.

"मला म्हाईत व्हतं हात दिसंल म्हणून. म्हणून मी नको म्हणायले व्हते."

"मला उशिरा कळलं."

"त्या दिशी तिनं ओठावरून बोटं वढली. तू बगितली का?"

"बगितली. कळलं न्हाई."

"खोटारडी." सुलाबाईनं एक खडा काढून बाजूला टाकला. "आमच्यात ती खूण मीच घातली व्हती. राजेश्री लहान असताना, साखर चोरून खायची तवा. एकोणीस वर्सांत ती मला कवा तसं म्हणली न्हाई. दवाखान्यात बोट काढताना बी एवढं लागलं न्हाई."

ताईंनी तिच्या पुढ्यात आणखी मूठभर तांदूळ सरकवले. सुलाबाई म्हणाली, "कवा कॉल लावला तरी तिला म्हणायचे, मी चांगली हाय, मी चांगली हाय. बारा दिस. एका हातानं."

"तुमाला राग आलाय का माझा?" ताईंनी विचारलं.

"आलता," ती म्हणाली. "अजून हाय थोडा. जाईल." मग दोघी तांदूळ निवडत राहिल्या. उठताना सुलाबाई म्हणाली, "तात्यांना रेडिओचं गाणं लावून पाहिजे मोबाइलवर. सवड झाली की ये."

ताई सोमवारी गेल्या. त्यानंतर त्या पुन्हा लोकांच्या घरी जायला लागल्या. फक्त आता दुसऱ्या बाजूचं माणूस नको म्हणालं, तर त्या हात थांबवायच्या आणि आधी विचारायच्या, कामून नको. मी एकदा पाहिलं, गावातल्या एका सुनेचा माहेरचा कॉल टीव्हीवर लावायचा होता आणि तिकडून तिची आई टाळत होती. ताई मोबाइल घेऊन एकट्याच ओट्यावर गेल्या, पाच मिनिटं बोलल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "आज राहू द्या. तिकडं पाव्हणे हाईत." पाहुणे नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

जूनमध्ये माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम होता. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. भाषणं चालू असताना ताईंनी मला हळूच नजरेनं खुणावलं. सुलाबाई आणि राजेश्री शेजारी बसून एकमेकींशी बोलत होत्या, भराभर, हातांनी. सुलाबाईच्या डाव्या हाताला तर्जनी नव्हती, त्यामुळं तिच्या काही खुणा आता चार बोटांनीच व्हायच्या. राजेश्रीची बोटं सगळी शाबूत होती. तरी बोलताना तीही डावी तर्जनी तळहाताशी दुमडून घेत होती, आणि आईसारखीच चार बोटांनी बोलत होती.

ताईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मग पुढं भाषणाकडं तोंड केलं.